आंतरराष्ट्रीय शाळा : पालकांनी काय पारखून घ्यावे

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या शहरांतून ‘इंटरनॅशनल’ या शब्दाला मोठी बरकत आली आहे. पूर्वी शाळेच्या नावात एखादा थोर पुरुष असे, एखादी देवता असे, नाही तर नुसते ‘नूतन’ असे. आता गावाची वेस ओलांडून पुढे गेले की शेताच्या बांधाला लागून चार मजली इमारत दिसते आणि तिच्यावर ‘इंटरनॅशनल स्कूल’ अशी पाटी असते. आत जाऊन पाहिले तर त्यांपैकी पुष्कळ शाळा दिल्लीच्या केंद्रीय मंडळाचाच, म्हणजे सीबीएसईचा, अभ्यासक्रम शिकवीत असतात. त्यात वाईट काही नाही. तो अभ्यासक्रम चांगला आहे व पालकांस परिचयाचाही आहे. परंतु पाटीवरील शब्द आणि आतील माल यांचा संबंध असेलच असे नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. हा शब्द आपल्या नावात घालण्यासाठी शाळेला कोणा परदेशी संस्थेची परीक्षा उतरावी लागत नाही.

मग आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे काय? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर व्याख्येने मिळण्यापेक्षा इतिहासाने अधिक चांगले मिळते.

पहिले महायुद्ध संपल्यावर जिनीव्हा येथे राष्ट्रसंघाची कचेरी उघडली. तिच्यासोबत आंतरराष्ट्रीय मजूर संघटना आली आणि देशोदेशींचे अधिकारी बायकामुलांसह त्या शहरात राहावयास आले. या मुलांना शिकवावयाचे कोठे आणि कोणत्या भाषेत, हा अगदी घरगुती प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यातून 1924 साली जिनीव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. आरंभी मुले होती आठ, आणि जागा होती आदोल्फ फेर्येर या शिक्षणशास्त्रज्ञाच्या घरातली. 1926 साली पंडित नेहरू आपल्या आजारी पत्नीच्या उपचारासाठी स्वित्झर्लंडला गेले, तेव्हा त्यांची आठ-नऊ वर्षांची कन्या इंदिरा काही काळ याच शाळेत होती.

या शाळेच्या पुढे संचालिका झालेल्या मारी-तेरेज मोरेत यांनी 1948 साली युनेस्कोकरिता एक छोटी पुस्तिका लिहिली. शांततेचे शिक्षण देण्याचे काही तंत्र आहे काय, असा त्या पुस्तिकेचा विषय. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की शांततेवर प्रवचने देऊन मूल शांतताप्रिय होत नाही. त्याला भूगोल शिकवावा तो स्वतःच्या देशापासून नव्हे, तर सबंध पृथ्वीच्या गोलापासून. दोन भाषा अशा शिकवाव्या की दोहोंत त्याला विचार करता यावा. आपण मात्र लहानपणी भूगोल शिकलो तो तालुका, जिल्हा, मग प्रांत अशा क्रमाने. त्या क्रमालाही त्याचे तर्कशास्त्र आहे. मुलाने पायाखालची जमीन आधी ओळखावी हे खरेच. परंतु जेथे एका बाकावर तीन देशांची मुले बसली आहेत, तेथे कोणाचा तालुका आधी घ्यावयाचा?

या शाळेत एक व्यावहारिक अडचण वर्षानुवर्षे सलत होती. मुले दहा-बारा वर्षे एकत्र वाढत, परंतु शेवटची दोन वर्षे आली की त्यांची फाटाफूट होई. फ्रान्सला जाणारा फ्रेंच बाकालोरेआच्या वर्गात बसे, इंग्लंडला जाणारा ‘ए लेव्हल’च्या, स्विस विद्यापीठात जाणारा स्विस परीक्षेच्या, आणि अमेरिकेची वाट धरणाऱ्यासाठी आणखी निराळा वर्ग. एकाच विषयाचे चार शिक्षक, चार पुस्तके, चार परीक्षा. इतिहासाच्या तासाला तर हा प्रकार हास्यास्पद होई, कारण एकाच युद्धाची हकीकत चार वर्गांत चार प्रकारे सांगितली जाई. रॉबर्ट लीच नावाचे तेथील इतिहासाचे शिक्षक व त्यांचे सहकारी यांनी 1962 च्या सुमारास सर्वांना चालेल अशा एका सामाईक परीक्षेचा विचार पुढे मांडला आणि प्रथम इतिहासाचीच प्रश्नपत्रिका तयार केली. त्यातून 1968 साली जिनीव्हात ‘इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट’ ही संस्था रीतसर स्थापन झाली. ऑक्सफर्डचे ॲलेक पीटरसन तिचे पहिले महासंचालक. आज आपल्याकडे पालक जिला ‘आयबी’ म्हणतात ती हीच. म्हणजे ही परीक्षा श्रीमंतांच्या मुलांस परदेशी पाठविण्याच्या हेतूने निघालेली नसून, एका शाळेतली मुले शेवटच्या दोन वर्षांत एकमेकांपासून तुटू नयेत म्हणून निघाली. हा हेतू लक्षात ठेवला तर पुढे शाळा पारखताना उपयोग होतो.

दुसरा धागा कुर्ट हान या जर्मन शिक्षकाचा. हिटलरविरुद्ध बोलल्याबद्दल 1933 साली त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. सुटका झाल्यावर ते ब्रिटनमध्ये आले आणि 1934 साली स्कॉटलंडमध्ये त्यांनी गॉर्डनस्टन ही शाळा काढली. 1955 साली पॅरिसमध्ये ‘नाटो’च्या संरक्षण महाविद्यालयात व्याख्यानासाठी गेले असता, दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणारे अधिकारी एका टेबलाशी बसून काम करीत आहेत, असे त्यांनी पाहिले. प्रौढांना जे साधते ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना का साधू नये, असा त्यांना प्रश्न पडला, आणि 1962 साली वेल्सच्या समुद्रकाठी सेंट डोनॅट्सच्या जुन्या किल्ल्यात ‘अटलांटिक कॉलेज’ सुरू झाले. पहिले मुख्याध्यापक निवृत्त आरमारी अधिकारी डेस्मंड होअर. त्यांनी मुलांना हाताशी धरून समुद्रात बुडणाऱ्यांना वाचविण्याची कड टणक तळाची, हवेने फुगलेल्या कडांची होडी बनविली, आणि तिचे हक्क 1973 साली ब्रिटिश जीवरक्षक संस्थेस नाममात्र एक पौंडाला देऊन टाकले. आज जगातील अनेक किनाऱ्यांवर त्या धर्तीच्या होड्या फिरतात. शाळेतल्या ‘प्रोजेक्टा’तून असे काही निपजू शकते, हे आपल्याकडील थर्मोकोलची प्रदर्शने पाहून सहसा कोणाच्या मनात येत नाही!

अटलांटिक कॉलेजमधून ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस’ ही चळवळ वाढली. तिच्या आज अठरा शाळा आहेत, आणि त्यांतील एक आपल्या दाराशी आहे. पुण्याहून पश्चिमेला पौडच्या पुढे मुळशी तालुक्यात एका डोंगरावर 1997 साली ‘महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज’ उघडले. वास्तुरचना पुण्यात स्थायिक झालेल्या क्रिस्टोफर बेनिंजर यांची. सुमारे अडीचशे मुले-मुली कितीतरी देशांतून येथे येऊन राहतात आणि त्यांच्या वस्तिगृहांच्या समूहांना नाव आहे ‘वाडा’. देशोदेशींची मुले वाड्यात राहतात हे ऐकून आम्हांस गंमत वाटली. आपण आपले वाडे पाडून त्यांच्या जागी सोसायट्या उभ्या केल्या आणि शब्द मात्र तिकडे डोंगरावर जगला.

तथापि भारतात आयबी प्रथम आली ती येथे नव्हे. ती आली कोडाईकनाल येथील 1901 साली स्थापन झालेल्या निवासी शाळेत, 1976 साली. मुंबई-पुण्यात तिचा खरा प्रसार झाला तो या शतकात. या प्रसारात एक गोष्ट उलटी झाली आहे, आणि ती स्पष्टपणे बोलली पाहिजे. जिनीव्हाच्या आणि वेल्सच्या शाळांचा हेतू निरनिराळ्या घरांतली मुले एका छपराखाली आणण्याचा होता. आपल्या शहरांतील कित्येक आंतरराष्ट्रीय शाळांत मात्र एकाच उत्पन्नाच्या, एकाच वस्तीतल्या आणि बहुधा एकाच व्यवसायातल्या घरांची मुले एकत्र येतात. जेथे वर्षाची फी काही लाखांपासून सुरू होऊन कोठे कोठे दहा लाखांच्या पुढे जाते, तेथे दुसरे काय होणार? अशा वर्गात मुलाला जगाचा भूगोल येईल, पण बसने शाळेत येणारा सवंगडी भेटणार नाही. फी परवडते की नाही हा हिशेब प्रत्येक घर करतेच; हा दुसरा हिशेब क्वचितच कोणी करते.

आता परीक्षेकडे वळू. अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांसाठी आयबीचा जो दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, त्यात सहा विषय घ्यावे लागतात : एक आपल्या प्रमुख भाषेचे साहित्य, एक दुसरी भाषा, एक इतिहास-अर्थशास्त्रासारखा समाजाचा विषय, एक विज्ञान, एक गणित, आणि सहावा कलेचा, कला नको असल्यास वरच्यांपैकी आणखी एक. साधारणतः तीन विषय उच्च स्तराचे, प्रत्येकी 240 तासांचे, आणि तीन सामान्य स्तराचे, प्रत्येकी 150 तासांचे. प्रत्येक विषयाला 7 पैकी गुण, म्हणजे 42. ज्ञानाचे स्वरूप तपासणारा एक विषय आणि चार हजार शब्दांपर्यंतचा एक स्वतंत्र निबंध, यांचे मिळून जास्तीत जास्त 3. एकूण 45. उत्तीर्ण व्हावयास किमान 24 लागतात, आणि शिवाय आणखी काही अटी आहेत. कला, शारीरिक श्रम आणि समाजसेवा यांची नोंद दोन वर्षे ठेवावी लागते. तिला गुण नाहीत, पण ती अपुरी असेल तर डिप्लोमा मिळत नाही.

आपल्या घरांत शेकडा प्रमाणाची इतकी सवय आहे की 36 गुण म्हणताच आजोबा ते पंचेचाळिसांनी भागावयास बसतात. तो भागाकार फसवा आहे. या परीक्षेत 7 हा गुण म्हणजे शंभरापैकी शंभर नव्हे. शिवाय सगळे गुण अखेरच्या लेखी परीक्षेत मिळत नाहीत. काही भाग वर्षभरातल्या प्रयोगांचा, लिखाणाचा, तोंडी परीक्षेचा असतो. तो आपलेच शिक्षक तपासतात आणि त्यांनी हात सैल सोडला की काय, हे बाहेरचे परीक्षक नमुने मागवून पाहतात. 2020 साली साथीमुळे मे महिन्याची परीक्षाच रद्द झाली, तेव्हा या लिखाणावर आणि शाळांच्या अंदाजांवर सूत्राने निकाल लावण्यात आला. त्यावर जगभर इतका गदारोळ झाला की ऑगस्टमध्ये तो निकाल सुधारावा लागला.

त्या चार हजार शब्दांच्या निबंधाविषयी दोन शब्द अधिक बोलणे जरूर आहे, कारण आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त हाल येथे होतात. आपल्या शिक्षणात चांगले वाक्य पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरविणे हा गुण मानला जातो. येथे दुसऱ्याचे वाक्य त्याचे नाव न सांगता उतरविणे ही चोरी मानली जाते, आणि ती सिद्ध झाली तर त्या भागाला गुण मिळत नाहीत व डिप्लोमाही जातो. ‘निबंधात मदत’ करू म्हणणारे शिकवणीवाले शहरात गल्लोगल्ली आहेत, आणि आता तर यंत्रही निबंध लिहून देते. आईबापांनी काळजीपोटी लावलेली ही मदत मुलाच्या गळ्याशी येऊ शकते. विषय मुलाने स्वतः निवडावा. तो लहान असला तरी चालतो. आपल्या गावच्या नदीतील पाण्याची आम्लता महिन्यामहिन्याने कशी बदलते, एवढा विषयही पुरतो.

यापुढचा मुद्दा विशेषतः ज्या घरांत मुलीला किंवा मुलाला डॉक्टर करण्याचा संकल्प आहे त्यांच्यासाठी. भारतीय विद्यापीठ महासंघाने आयबी डिप्लोमाला बारावीशी समकक्ष म्हणून 1983 पासून मान्यता दिली आहे, एवढे ऐकून पालक निश्चिंत होतात. पण समकक्षता निराळी आणि विषयांची पात्रता निराळी. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय बारावीच्या पातळीवर लागतात. वर सांगितलेली सहा घरे मोजून पाहा : विज्ञानाचे एक घर, आणि कलेच्या जागी फार तर दुसरे. तिसरे विज्ञान नेहमीच्या मांडणीत बसतच नाही. ते बसवायचे तर विद्यापीठाच्या अटीचा पुरावा देऊन शाळेमार्फत आधी खास परवानगी मिळवावी लागते, आणि ती गोष्ट पहिल्या वर्षाच्या आरंभी करावयाची असते. बारावीच्या उन्हाळ्यात हे कळले तर उपयोग थोडा. 2023 साली राहिलेला विषय बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून पुरा करण्याची मुभा मिळाली आहे खरी. परंतु त्यात वर्ष जाते. अभियांत्रिकीचे तसे नाही. तेथे दोन विज्ञाने आणि गणित पुरते. मात्र गणिताचे दोन निरनिराळे अभ्यासक्रम 2019 पासून सुरू झाले आहेत, ‘ॲनालिसिस अँड अप्रोचेस’ आणि ‘ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’, आणि अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याने बहुधा पहिलाच, तोही उच्च स्तरावर, घ्यावा. दुसरा सोपा म्हणून घेतला आणि नंतर हव्या त्या विद्यापीठाने तो नाकारला, असे घडते.

दोन अडचणी आणखी. आयबीची मे महिन्याची परीक्षा आणि आपल्या ‘नीट’, ‘जेईई’ यांचे दिवस एकमेकांच्या अंगावर येतात, आणि आयबीचा निकाल लागतो तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा येथील काही महाविद्यालयांची प्रवेशाची गडबड अर्धी उरकलेली असते. तसेच व्यावसायिक शिक्षणातील महाराष्ट्राच्या राखीव जागांसाठी दहावी आणि बारावी राज्यातूनच उत्तीर्ण असण्याची अट अनेक ठिकाणी असते. बारावी वेल्समध्ये किंवा कोडाईकनालला केली तर तो हक्क जाऊ शकतो. हे नियम दरवर्षीच्या प्रवेशपुस्तिकेत छापलेले असतात. प्रवेशाची पावती फाडण्यापूर्वी ती पुस्तिका वाचावी. म्हणून आमचे मत असे, की भारतातच आणि वैद्यकीयच शिकावयाचे पक्के असेल तर या वाटेला न गेलेले बरे; आणि ज्याला काय करावयाचे ते अजून ठरलेले नाही, ज्याला इतिहास आणि भौतिकी दोन्ही सोडवत नाहीत, त्याच्यासाठी आपल्या शाखांच्या कुंपणापेक्षा ही मांडणी पुष्कळ अधिक उदार आहे.

शाळा पाहावयास गेल्यावर पोहण्याचा तलाव सगळेच दाखवितात. आपण विचारावयाचे ते हे : शाळेला डिप्लोमा शिकविण्याचा अधिकार प्रत्यक्ष मिळाला आहे, की ती अद्याप उमेदवार शाळा आहे? उमेदवार म्हणजे अर्ज केलेली. अधिकार मिळेलच याची हमी नसते. केंब्रिजची ‘आयजीसीएसई’ ही दहावीच्या जवळची परीक्षा आहे, बारावीची नव्हे, आणि तिच्यानंतर शाळा कोठे नेणार हेही विचारावे. गेल्या तीन वर्षांत किती मुले परीक्षेस बसली, किती शिक्षक सोडून गेले? शिक्षक टिकत नाहीत तेथे दोन वर्षांचा अभ्यासक्रम मध्येच लंगडतो. उत्तरे गुळमुळीत आली तर तलावाची खोली विचारण्याचे कारण नाही.

युनायटेड वर्ल्ड कॉलेजचा मार्ग थोडा निराळा आहे. तेथे बव्हंशी शाळेकडे अर्ज करावयाचा नसतो. आपापल्या देशाच्या समितीकडे करावयाचा असतो. समिती मुलाची निवड करते आणि घरची ऐपत पाहून मदत ठरविते. म्हणून फीचा आकडा पाहून सामान्य घराने आधीच माघार घेऊ नये. मात्र सोळाव्या-सतराव्या वर्षी घर सोडावे लागते, आणि खोलीतला सोबती कोठून आलेला असेल, काय खात असेल, कशाला देव मानीत असेल, हे आपल्या हाती नसते. काही मुले यात फुलतात, काही पहिले सहा महिने रात्री रडतात; पुष्कळ मुले दोन्ही करतात. जे मूल घरी आपले ताटही उचलीत नाही त्याला पाठविण्यापूर्वी एक उन्हाळा त्याच्या हाती स्वयंपाकघर द्यावे.

राहता राहिला मराठीचा प्रश्न, जो पालक सहसा विचारीतच नाहीत. इंग्रजीत शिकावयाचे म्हणजे मराठी सुटणारच, असे सारे धरून चालतात. आयबीच्या रचनेत ते तसे नाही. जिनीव्हाच्या त्या दोन भाषांच्या आग्रहाचा वारसा म्हणा, पण ज्या भाषेचा शिक्षक शाळेत नाही तिचे साहित्यही विद्यार्थ्याला सामान्य स्तरावर, शाळेच्या देखरेखीखाली, स्वतःच्या अभ्यासाने प्रमुख भाषा म्हणून घेता येते. भाषेला पुरेसे लिखित साहित्य असले पाहिजे आणि मागणी वेळेवर केली पाहिजे. मराठीला साहित्याची वाण नाही. तेव्हा प्रवेश घेतानाच शाळेच्या समन्वयकाला याविषयी लेखी विचारावे. तोंडी विचारले तर ‘पाहू’ असे उत्तर मिळते. पुस्तकांची यादी पहिल्या काही आठवड्यांतच ठरवावी लागते, त्यात भाषांतरित ग्रंथही असतात, आणि मार्गदर्शनासाठी मराठीचा एखादा जाणता प्राध्यापक पालकांनाच शोधावा लागण्याचा संभव असतो. परीक्षेत परिच्छेदाचे रसग्रहण मराठीत लिहावयाचे असते. ज्या मुलाने आठवीनंतर देवनागरीत पानभर मजकूर लिहिलेला नाही, त्याचा हात तेथे अडखळतो. दहावीची परीक्षा संपल्यावर जे दोन-अडीच महिने मोकळे मिळतात, त्यांत आठवड्याला दोन पाने, वाचलेल्या एखाद्या कथेविषयी, पेनाने, वहीत.